सहा नंबरच्या प्लॉटातील बियाण्याचा घेवडा

पोलीस दूरक्षेत्र, रहिमतपूर. ता. २६ मे १९७६, सकाळी ११ वाजता.

मी आकाराम गुंडा साळुंखे, वय ५८, धंदा : फौजेतून निवृत्त नाईक, हल्ली भाजीपाला, राहणार रहिमतपूर, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

मी घरी एकटा असतो. पत्नी रंगूबाई गेल्या मार्गशीर्षात वारली. ओढ्याकाठी आमच्या भाजीपाला मंडळीची जमीन आहे. तीत सभासदांना दोन-दोन गुंठ्यांचे प्लॉट वाटून दिले आहेत. सहा नंबरचा प्लॉट नऊ वर्षे माझ्याकडे आहे. मंडळीचा नियम असा की, बारा महिन्यांत एकही वाफा रिकामा दिसता कामा नये. दिसला तर प्लॉट काढून यादीतल्या पुढच्या माणसाला देतात. दुष्काळ धरून नऊ वर्षांत माझा वाफा कधी रिकामा दिसला नाही. हे सेक्रेटरीही सांगतील, पण आज सांगत नाहीत.

पावसाळ्यात भेंडी-गवार, दसऱ्यानंतर मेथी, मुळा, वांगी, हे कोणालाही जमते. खरी कसोटी उन्हाळ्याची. तेव्हा माझ्या दोन वाफ्यांत घेवडा असतो. हे बी बाजारात मिळत नाही. रंगूबाईने ते पाटणकडच्या माहेराहून आणले होते. पौषात पेरले की रोजच्या दोन कळशा पाण्यावर चैत्र-वैशाखात शेंग देते. ते गाव आता कोयनेच्या पाण्याखाली आहे, त्यामुळे तिकडून पुन्हा आणता येणार नाही. शेवटच्या शेंगा बियाण्यासाठी वेलावरच वाळू द्यायच्या असतात. ते काम तिचे होते.

यंदा मी पेरला. तिने फडक्यात राख घालून बांधलेले होते तेवढे सगळे बी पेरले. ती दर साली मूठभर मागे ठेवत असे, हे मला नंतर आठवले. ती चूक माझी आहे.

सोमवारी मी डोळे दाखवायला साताऱ्यास गेलो व काल मंगळवारी सायंकाळी परत आलो. घरशेजारी बनुबाई राहतात, वय अंदाजे साठ. सात नंबरचा प्लॉट त्यांचा. त्या पितळी वाटीतून उसळ घेऊन आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, दमून आलायसा. गरम हाय तवर खावा." मी खाल्ली. चांगली झाली होती. आणखी मागितली, तीही त्यांनी आणून दिली. रंगूबाई गेल्यापासून पोटभर जेवण झाले ते कालच. हे जबाब लिहून घेणाऱ्या जमादारांनी विचारलेले नाही, मी आपणहून सांगतो.

आज सकाळी सातला प्लॉटावर गेलो तर घेवड्याचे दोन्ही वाफे उघडे. वेल उपटून बांधावर नीट रचलेले. शेंग एकही नाही. मी आरडाओरडा केला. बनुबाई धावत आल्या व म्हणाल्या, "आवं, शेंगा वाळून चालल्या हुत्या. तुमा बाप्यामानसाला काय उमगतंय? रंगू असती तर वाया जाऊ दिलं असतं व्हय? म्हनून म्याच काढल्या. सोलून दानं सोमवारी रातीला भिजत घातलं, काल शिजवलं. वाफंबी मोकळं करून दिलं."

मी विचारले, "सगळ्या?"

त्या म्हणाल्या, "सगळ्या. एक दाना मला ठेवला न्हाई, देवाशपथ."

मी बांधावर बसलो. मला राग आला. तो अजून आहे. वैशाखाच्या उन्हात माझ्यासाठी राबलेल्या बाईवर तो काढता येत नाही आणि गिळताही येत नाही.

साडेसातला मंडळीचे सेक्रेटरी लालासाहेब घोरपडे पाहणीस आले. त्यांनी वाफे रिकामे असल्याचे वहीत लिहिले. म्हणाले, पीक चोरीला गेल्याचा पोलीस जबाब आणला तरच प्लॉट राहील. मी खरे काय ते सांगितले. ते म्हणाले, "चोरी म्हन आन् मोकळा हो गड्या. बनुबाईचं नाव घाल. म्हातारीला कोन आत टाकतंय?" म्हणून मी येथे आलो.

जमादारांनी मालाची किंमत विचारली. मला सांगता आली नाही. तेव्हा जमादार हसले. तेही लिहावे.

बनुबाईंनी चोरी केली असे लिहू का, असे मला दोनदा विचारण्यात आले. लिहू नये. माल मी स्वतः खाल्ला आहे, आणि वर मागून घेतला आहे. प्लॉट गेला तर गेला, असे मात्र मी म्हणत नाही. प्लॉट मला हवा आहे. नऊ वर्षे आम्ही दोघांनी तो केला आहे. चोरी न लिहिता तो राहत असेल तर तसे लिहावे. तसे लिहिता येत नाही, असे जमादार म्हणतात.

बनुबाईंची वाटी माझ्याकडे आहे. आमच्यात शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत. रंगूबाई प्लॉटातले काही ना काही घालूनच देत असे, बाजारातले तिला चालत नसे. बाकीच्या चार वाफ्यांत भेंडी-गवार नुकती दोन पानांवर आली आहे. वाटी मी सकाळीच घासून ठेवली. तिच्यात घालायला माझ्याकडे काही नाही.

मला अजून चष्मा मिळाला नसल्याने वरील मजकूर जमादारांनी मोठ्याने वाचला. मी ऐकला. सांगितला तसाच लिहिला आहे.

सही : आकाराम गुंडा साळुंखे