सुतळीच्या मापाचा कॉम्प्युटर

कॉम्प्युटरच्या दुकानात माझ्यापुढे सासू-सून होत्या. सासूबाईंनी पिशवीतून मापाची सुतळी काढली.

“दादा, एवढ्या जागेत बसंल असा स्वस्तातला दाखवा. सुलेखाची टायपिंगची परीक्षा हाय.”

“मावशी, हा वापरलेला लॅपटॉप घ्या. लाईट गेली तरी दोन तास चालतो.”

“आत्या, पण ठेवायचा कुठं? घरभर पाण्याचे ड्रम.”

“खिडकीजवळचा ड्रम सकाळीच शेजारच्या कडुबाला देऊन टाकला. सुतळी त्याच जागेची हाय.”

“नळ आठ दिवसांनी येतो, आत्या. पाणी पुरंल का?”

“दोन ड्रमांत भागवू. तुला नोकरी लागली की टाकी बसवू.”

“अन् मी नापास झाले तर?”

“तर पुन्हा बसायचं परीक्षेला. ड्रम काय मी परत मागायची नाय.”