टीप क्रमांक सतरा

नाही, पण मला सांगा, खुर्च्या मांडायच्या, समोर स्टेज उभारायचं, झगमगत्या कपड्यांतली बाई गायला लावायची, आणि पहिली रांग अख्खी रिकामी ठेवायची... मग दमलेला माणूस तिथे बसणार नाही? बसणारच! आमचा सुगत मेश्राम बसला. मूळचा नागपूरचा, सिंगापुरात नऊ वर्षं झाली, पण तोआ पायोह नावाच्या वस्तीत राहायला आला तो या वर्षीच. ऑफिसातून येत होता, पाय दुखत होते, रिकामी खुर्ची दिसली, टेकला. तर मागून एक म्हातारे अंकल असे ओरडले, असे ओरडले की गाणाऱ्या बाईचा सूर हलला! "ओय! नॉट फॉर यू लाह! दॅट रो फॉर देम!" देम म्हणजे कोण? तर मेलेले! चिनी लोकांचा सातवा महिना, म्हणे या महिन्यात मेलेली माणसं खाली येतात, गाणी ऐकतात, आणि पहिली रांग त्यांची राखीव. आणि आमचे साहेब त्या रांगेत बरोब्बर मधोमध!

आता तुम्हाला सांगतो, सुगत काही भूतबित मानणारा माणूस नाही. हसला, उठला, अंकलना सॉरी म्हणाला, घरी गेला. बायकोला, ललिताला, हसत हसत सांगितलं. ती म्हणाली, "बाप्पा! त्यांच्यातलंच कुणी शेजारी बसलं होतं का हो?" झालं! सुगतनं ताट बाजूला सारलं.

कारण काय, की सुगत दिवसभर मेलेल्या माणसाच्याच खुर्चीत बसायचा हो! रॅफल्स प्लेसला, एकोणतिसाव्या मजल्यावर, एका वीज कंपनीत तो जुलैत लागला. काम काय? कंपनीचा हिशेब आणि इन्कम टॅक्स. आधी त्या जागेवर निशिकांत कारखानीस होते. ते मे महिन्यात गेले. गेले म्हणजे राजीनामा देऊन नाही... गेलेच. हार्ट. खुर्ची तीच राहिली, आणि ती खुर्ची दुपारी तीनच्या सुमाराला, कुणी हात न लावता, दोन बोटं खाली जायची. फुस्स...

बरं, वार्षिक अहवालात शेवटी पानंच्या पानं असतात ना, बारीक अक्षरांची? हिशेबाची धोरणं काय, टॅक्स कसा मोजला, अमुक टीप, तमुक टीप? तुम्हाला वाटत असेल, कुणी विद्वान बसून लिहितो. छे हो! गेल्या वर्षीचं घ्यायचं, साल बदलायचं, पुढे ढकलायचं! सगळे असंच करतात. सुगतला मात्र वाचायची खोड. तो वाचत वाचत टीप क्रमांक सतराला आला, इन्कम टॅक्सची. तिथे एक वाक्य. की आपलं जुनं वीजकेंद्र पुढे कधीतरी मोडायचं आहे, त्या खर्चामुळे टॅक्स वाचेल, आणि तो वाचणारा टॅक्स, बत्तीस लाख डॉलर, आम्ही आजच मालमत्तेत धरला आहे. ठीक. पण बत्तीस लाख आले कुठून? त्यानं मूळची शीट उघडली, आकड्यावर माउस नेला, आणि तिथे टपकन एक पिवळा चौकोन उघडला. "हा आकडा बदलण्याआधी मला विचारा. निशिकांत."

आता कुणाला विचारायचं? कुठे जाऊन विचारायचं? सांगा ना!

सुगत भूतबित मानत नाही, म्हणून त्यानं इंजिनिअरिंगला फोन लावला. साधा प्रश्न, वीजकेंद्र कधी मोडणार? पलीकडचा माणूस म्हणाला, "ते? ते पाडून सहा वर्षं झाली. आता तिथे गवत आहे." म्हणजे बघा हं... मेलेल्या केंद्राचा आकडा, मेलेल्या माणसाची चिठ्ठी, आणि खाली सही करणार जिवंत सुगत! त्यानं ते वाक्य खोडलं. दुसऱ्या दिवशी मसुदा उघडतो, तर वाक्य जागेवर! पुन्हा खोडलं. पुन्हा जागेवर! तिसऱ्यांदा खोडायला गेला, आणि नेमकी तेव्हाच खुर्ची... फुस्स!

तो किंचाळला. अख्ख्या मजल्यासमोर! पलीकडून राधिका धावत आली, सिंगापुरातलीच पोरगी, त्याच्या हाताखालची. "सर, काय झालं? ते वाक्य का? मीच रोज परत टाकते ना. लास्ट इयर गॉट, धिस इयर मस्ट हॅव, सर! मला वाटलं तुमच्याकडून चुकून उडतंय."

सुगतला हसावं की रडावं कळेना. भूत निघालं राधिका! पण आकडा? आकडा तर खरोखरच खोटा होता ना! आणि खरी भीती तिथेच होती. कारण हे बोलायचं म्हणजे बत्तीस लाख नफ्यातून पुसायचे, सुगतचे वरिष्ठ टॅन साहेब, त्यांचा बोनस पुसायचा, आणि सुगतचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे सिंगापुरात राहून नोकरी करायचा परवाना, ऑक्टोबरात संपत होता. तो पुढे न्यायचा की नाही, हे कुणाच्या हातात? टॅन साहेबांच्या! लेकीची, दीक्षाची, सहावीची मोठी परीक्षा त्याच दिवसांत. ती म्हणायची, "बाबा, डोन्ट डिस्टर्ब लाह, आय स्टडी." कसं डिस्टर्ब करणार तिला? काय सांगणार, पेपर दे आणि बॅग भर?

शेवटी त्यानं केलं काय... निशिकांतना विचारायचं होतं ना? त्यानं त्यांच्या बायकोला फोन केला. अनघावहिनी आता ठाण्याला. म्हणाला, "वहिनी, विचित्र वाटेल, पण एक टीप आहे, सतरा नंबरची..." वहिनी म्हणाल्या, "ती अजून तशीच आहे? अहो, दर वर्षी म्हणायचे, या वर्षी साहेबांना सांगतोच. दर वर्षी पासचं काहीतरी निघायचं. मग त्यांनी ते लिहून ठेवलं. म्हणाले, कुणी विचारलं तर मला सांगावंच लागेल. पण कुणी विचारलंच नाही हो. तुम्ही पहिले."

सुगत जिन्यात उभा राहून रडला. खरंच रडला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मग डोळे पुसले आणि तसाच टॅन साहेबांच्या केबिनमध्ये शिरला, सगळं सांगितलं. साहेबांनी दार लावलं. "यू शुअर?" "शुअर." "व्हेरी शुअर?" "साहेब, तिथे गवत आहे."

मग ऑडिटवाले आले, मीटिंगा झाल्या, बोनस गेला. सुगतला वाटलं, चला, पास गेला तर गेला, निदान ते वाक्य तरी मेलं! कसलं मरतंय? ऑडिटवाले म्हणाले, चूक जुनी आहे, नुसती खोडून चालत नाही! कधीपासून होती, किती होती, का होती, सगळं छापा, गेल्या वर्षीचे आकडेही नव्याने मांडा! एका वाक्याची दोन पानं झाली हो! आणि ती दोन पानं अख्ख्या कंपनीत समजतात फक्त एका माणसाला.

पास? झाला की! टॅन साहेबांनी स्वतः अर्ज भरला. वर कंपनीच्या खर्चानं सुगतच्या हार्टची तपासणी करवली. कोलेस्टेरॉल जरा जास्त निघालं, तेवढं बास! परवा जेवायला सगळे हॉकर सेंटरला, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत गेले, सुगतनं तुपातला मस्त प्राटा, आपला पराठाच हो, मागवला, पहिला घास तोंडाशी नेला, तर राधिकानं प्लेटच ओढून घेतली. "नो, सर! तुम्हाला काही झालं तर आम्ही कुणाला विचारायचं?"

टॅन साहेबांनी मान डोलावली, आणि त्याच्यापुढे उकडलेल्या पालेभाजीची वाटी सरकवली. बिनमिठाची. खातोय बिचारा.