वकिलाच्या आईचं दुखणं

हाडांच्या दवाखान्यात मोडका हात गळ्यात अडकवून बसलेल्या मास्तरांच्या कानांवर शेजारच्या दोन बायकांचं बोलणं पडत होतं.

“मुलगा वकील आहे, तर मग जाहिरात का नाही देत?”

“अहो, वकिलांना बंदी असते! साधी पाटीसुद्धा मोठी लावायची नाही.”

“मग लोकांना कळायचं कसं?”

“तो बिचारा नियमाबाहेर पाऊल टाकत नाही. पण नियम वकिलाला आहे, वकिलाच्या आईला थोडाच आहे?”

“बरं, तुमचं काय दुखतंय?”

“जसा दवाखाना, तसं दुखणं. काल दात होते, आज कंबर.”

मास्तरांना हसू फुटलं. म्हातारी लगेच त्यांच्याकडे वळली.

“हात कसा मोडला रे बाळा?”

“पायरीवरून घसरलो, आजी.”

“अगं बाई! पायरी कुणाची होती?”