पंगतीचं पाणी

जालन्याला ग्राहक न्यायालयाबाहेर माझ्या शेजारी एक नवरा-बायको पुकाऱ्याची वाट पाहत बसले होते.

“आत इचारलं तर वास्तुशांत झालीच न्हाई म्हण.”

“अर्धी गल्ली जेवून गेली, अन् न्हाई कसं म्हणू?”

“बिल्डर तेच धरून बसला. वास्तुशांत केली, म्हंजे घर पुरं करून दिलं, असं म्हणून राह्यला.”

“मुहूर्त जाईल म्हणून घाई तुम्हीच केल्ती.”

“आता ते काढू नको.”

“पंगतीला पाणी कुठलं होतं?”

“टँकरचं.”

“टँकर कोणी धाडल्ता?”

“बिल्डरनंच.”

“मंग मी खरंच सांगते. घरात नळाला पाणी असतं, तर त्यानं टँकर कशाला धाडला असता?”

पुकारा झाला.

“चल. आत तूच बोल.”