अकरा पेट्या, शंभर पावलं

नाव डॉर्कस ॲपलगार्थ, वय ६८ वर्षे, धंदा मधमाशीपालन, त्यापूर्वी गावच्या शाळेत स्वयंपाकीण, राहणार चर्चमागची गल्ली, थॉर्नबेक, यॉर्कशायर. आज १४ ऑगस्ट १९८५ रोजी सकाळी साडेदहाला चौकीत स्वतः येऊन सांगते ते असे:

माझ्याकडे मधमाश्यांच्या अकरा पेट्या आहेत. हेदरची जांभळी झुडपं फुलायच्या सुमारास आम्ही त्या गावातून नऊ मैलांवरच्या माळावर नेऊन ठेवतो. फुलं जेमतेम तीन आठवडे टिकतात, आणि वर्षाचा मध त्यातच होतो. जागा ठरलेली आहे, दगडी कुंपणाच्या आडोशाला, जिथे पश्चिमेचा वारा लागत नाही. ती माझे पती आमोस यांनी एकतीस वर्षांपूर्वी हेरली. आमोस यंदा मार्चमध्ये वारले. त्याचा या तक्रारीशी संबंध नाही.

५ ऑगस्टला पहाटे पेट्यांची दारे बंद करून शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने मी त्या माळावर नेल्या. माळ ज्या इस्टेटीचा आहे तिचे व्यवस्थापक श्री. पेनरोज यांना आधी विचारले होते. जागेबद्दल दरवर्षी चार बरण्या मध त्यांच्या घरी जातो. तो ते खातात.

१२ तारखेला तिथे पक्ष्यांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला. दुपारी पाऊस लागला म्हणून चारच्या सुमारास मी पेट्या बघायला गेले. जागेवर एकही पेटी नव्हती. तिथे ताडपत्रीखाली शिकारीला आलेल्या पाहुण्यांच्या जेवणाचे टेबल मांडले होते, पांढऱ्या चादरीसकट. पेट्या रस्त्यापलीकडे, शंभर पावलांवर, ओळीने लावून ठेवल्या होत्या. त्या सकाळी उन्हं वर आल्यावर हलवल्या असे नोकरांनी सांगितले.

हा जबाब लिहून घेणाऱ्या सार्जंटना यात काय बिघडले ते कळेना, म्हणून सांगते. माशी पेटी ओळखत नाही, जागा ओळखते. पेटी हलवायची तर हातभर हलवावी, नाहीतर तीन मैलांपलीकडे न्यावी. आमच्यात शेंबडं पोरही हे सांगेल. शंभर पावलं हलवली की बाहेर गेलेली माशी फिरून जुन्या जागी येते आणि तिथे घर नसते. माझ्या माश्या त्या दगडांवर झुबक्यांनी बसल्या होत्या, पावसात, पोटात रस घेऊन. जमतील तेवढ्या मी टोपीत भरून पलीकडे नेल्या. बाकीच्या अंधार पडेपर्यंत मेल्या. चादरीवरही चिरडलेल्या माश्या होत्या.

श्री. पेनरोज तिथेच होते. म्हणाले, "बाई, उगाच कांगावा करू नका. मोजून घ्या, अकराच्या अकरा आहेत. एक तरी फुटलीय का?"

मी म्हटले, "घरातली माणसं बाहेर गेलेली बघून तुम्ही घर उचलून नेलंत, आणि वर भिंती शाबूत आहेत म्हणून सांगताय? लाज वाटू द्या थोडी." पाहुणे जेवत होते.

सार्जंटनी मला विचारले, काय चोरीला गेले? काही नाही. काय मोडले? काही नाही. म्हणून त्यांनी वर 'नुकसान नाही' असे लिहिले. मी म्हटले, "कीथ, शाळेत सात वर्षं तुला जेवायला वाढलंय मी. हे नुकसान नाही तर काय आहे, ते तूच लिही." ते म्हणाले, फॉर्मात तशी जागा नाही.

आत राहिलेल्या कोवळ्या माश्या आता उडू लागल्या आहेत आणि नवी जागा त्यांना पाठ होत आली आहे. त्यांच्या जोरावर सहा-सात पेट्या तरी हिवाळा काढतील. म्हणून माझी मागणी एकच आहे. महिनाअखेर मी नेईपर्यंत पेट्यांना कोणीही हात लावू नये. श्री. पेनरोज यांना तसे आजच्या आज बजावावे.

एवढे सांगून झाले तोच टेबलावरचा फोन वाजला. बोलणे झाल्यावर सार्जंट हसून म्हणाले, "मावशी, मिटलं बघा तुमचं. पेनरोजसाहेबांनी आत्ताच माणसं लावून सगळ्या पेट्या होत्या तिथं परत ठेवल्यात. तुम्हाला सांगा म्हणाले."

त्या वेळी अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती. बाहेर लख्ख ऊन होते. अशा उन्हात माश्या फुलांवर गेलेल्या असतात.

हा जबाब सार्जंटनी मोठ्याने वाचला, मी ऐकला. मी सांगितले तसाच आहे. 'नुकसान नाही' हे दोन शब्द मात्र माझे नाहीत, ते मी माझ्या हाताने खोडले आहेत. पुढचा जबाब माळावरून आल्यावर देईन. टोपी बरोबर घेतली आहे.

सही
डॉर्कस ॲपलगार्थ