डोहातली झांजवाली

ऐका. आमची केतकी कानाची डॉक्टर होऊन चेन्नईहून परतली, तेव्हा तिला वाटलं होतं, दगडाच्या खाणीतली माणसं दवाखान्यापुढं रांग लावतील. दिवसभर घण अन् सुरुंग! कान न वाजणारा गडी या गावात आहे कोण? पण रांग कसली! चिटपाखरू फिरकेना. कानात झांजा वाजायला लागल्या की माणूस रात्री तेलाचा कापूस दोन्ही कानांत ठासायचा अन् निजायचा. का? तर जुन्या खाणीच्या डोहातली झांजवाली, माणसाला पाण्यात ओढणारी हडळ, आत शिरू नये म्हणून!

एका रात्री खाणीत जन्म घालवलेल्या येसूबापूंची सून धावत आली. "ताई, मामंजी डोहाकडं गेले! म्हणाले, ती बोलावतीय!"

"मग तुझा नवरा कुठाय?"

"ते झांजवालीला भितात."

"आणि मी?"

"तुम्ही शिकलेल्या!"

केतकीनं बॅटरी उचलली. दारात तिची सगुणाआत्या आडवी. "जायचं तर हे घालून जा, बये." अन् कोंबला की कानांत कापूस! वाद घालायला वेळ कुठला?

निघाली. अमावस्या, बरं का! थोडं गेली, तर उजव्या कानात बारीक किण्ण. मनाशी हसली. मग डाव्यात. मग दोन्हीकडून झांजा! पावलांच्या तालावर झांजा! ती थांबली. झांजा थांबेनात! मी असतो तर तिथंच बसलो असतो. तेवढ्यात बॅटरी विझली. अन् झांजांमागून हाक आली, तिच्या मेलेल्या आईची: "केते, इकडं ये गं."

पाय वळले. आपले आपण वळले, ऐका!

अन् तिच्यातली डॉक्टर जागी झाली. बाहेरचा आवाज कोंडला की आतला माजतो! उपसला कापूस. काय ऐकू आलं? रातकिडे, बेडूक, अन् अगदी पायाखाली पाणी! आणखी एक पाऊल, की संपलंच होतं! झांजा दूर गेल्या. अंधारात चाचपडली, तर हाताला येसूबापू लागले, डोहावर झुकलेले. तिनं धोतर धरून मागं खेचलं, त्यांच्या कानांतले बोळे ओढून काढले.

"बापू, पाणी ऐकू येतंय?"

"येतंय की, पोरी... ती कुठं गेली?"

"घणांनी कान दुखावलाय, बापू. वर मळ अन् जुना कापूस साचला असणार, तो मी काढते. आवाज पुरता नाही जायचा, पण लहान होईल. उशाशी रेडिओ हळू लावून निजत जा."

केतकी म्हणते, तिथं कुणी नव्हतं. मग आईची हाक? त्यावर ती बॅटरीचे सेल बदलायला घेते. तुम्ही मात्र अंधारात त्या वाटेला जाऊ नका, कुणीही बोलावो.

सकाळी तिनं दवाखान्याला कुलूप ठोकलं. पहिला घण पडायच्या आत इअरप्लगचं खोकं घेऊन खाणीच्या तोंडाशी उभी राहिली.

"उलटं करत आलात सगळे! बोळे दिवसा घालायचे, रात्री काढायचे. मी आता रोज इथंच बसणार. घातल्याशिवाय कोण आत जातो, बघतेच!"