दोन निळ्या खुणा

छोटी : थांब. दादा, हात थांबव! पंडित, तूही. ती टेप बंद करा आधी.

दादा : अगं, आत्ता कुठे रंगत होतं! पहिल्यांदाच तिघंही एकदम सुरू झालो होतो.

छोटी : बंद कर म्हणते ना.

दादा : केली बाई, केली. पण पाच वाजता हे टेपचं मशीन परत द्यायचंय. गिऱ्हाईक देवमाणूस आहे म्हणून दिलं. त्याच्या गाडीचा गिअरबॉक्स तिकडे उघडा पडलाय आणि मी इकडे ड्रम बडवतोय.

छोटी : मला एवढंच सांगा. हे गाणं कुणावर आहे?

पंडित : कुणावर म्हणजे?

छोटी : म्हणजे सकाळपासून घसा फोडून मी जिला शिव्या घालतेय, ती बया कोण?

पंडित : कुणी नाही. ती कल्पित आहे. साठच्या दशकात अमेरिकेत गॅरेजमध्ये बँड करणारी पोरं अशीच गाणी लिहीत, आणि आपण त्यांच्याच पद्धतीने वाजवतोय. तीन कॉर्ड, अडीच मिनिटं, आणि एका मुलीचा उद्धार. तो त्या शैलीचाच भाग आहे. तुच्छता हा तिचा स्थायीभाव आहे, असं म्हण हवं तर.

दादा : स्थायीभाव! आमच्या धंद्यात याला तोंड सुटणं म्हणतात.

छोटी : दादा, तू तर बोलूच नकोस. तीन आठवडे वाजवतोयस ही गाणी. तुला शब्दांत काहीच दिसलं नाही?

दादा : मी शब्द ऐकतच नाही. मी एक-दोन-तीन-चार ऐकतो. शब्दांकडे लक्ष गेलं की माझा डावा पाय चुकतो.

छोटी : मग आता पाय वर घेऊन बस आणि ऐक. पहिलं गाणं. 'गाडी माझी, रस्ता माझा, ब्रेक तुझ्या पायाखाली! हात माझा चाकावर, गं, अक्कल तुझी माझ्या भाळी!'

दादा : झकास आहे की.

छोटी : गाडी दुसऱ्याची, चाक दुसऱ्याच्या हातात, आणि बाजूला बसून पायाखाली वेगळा ब्रेक. असा ब्रेक कुणाला असतो?

दादा : ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याला. सोपं आहे. मीच बसवून देतो.

छोटी : आणि मी दिवसभर काय करते?

दादा : तू ड्रायव्हिंग शि... अरेच्चा.

पंडित : ते प्रतीक आहे. सत्तेचं प्रतीक.

छोटी : दुसरं गाणं घे. 'वाकड्या दाताची राजकन्या हसते हाताआड.'

दादा : वाकडा दात तर तुझाच... पंडित, माझ्या हातात काय आहे, बघ जरा.

पंडित : ड्रमच्या काड्या.

दादा : नशीब समज. रोज या वेळी पाना असतो.

पंडित : दादा, जगात वाकडे दात असणाऱ्या पुष्कळ मुली आहेत.

छोटी : आहेत. तू त्यांतल्या किती जणींशी बोलतोस? दुकानदाराकडे सुटे मागायला तुला चार दिवस लागतात. आणि वर मलाच गायला लावतोस. माझेच दात, माझ्याच तोंडून. केवढी ही हिंमत! समोर उभं राहून बोलायची वेळ आली की बूट बघायचे, आणि कागदावर मात्र वाघ.

पंडित : मी पुन्हा सांगतो, ही वैयक्तिक गाणी नाहीत. ही एका जुन्या घाटाची गाणी आहेत. मी त्या घाटाचे नियम पाळले, इतकंच.

छोटी : चल, नियमांवर ये. भिंतीवर हा कागद कुणी चिकटवला?

पंडित : मी.

छोटी : तिसरा नियम वाच.

पंडित : 'त्या काळी नव्हती अशी एकही वस्तू गाण्यात येणार नाही.'

दादा : हो! माझी ओळ कापली होती याने. 'तुझ्याविना माझं चार्जिंग संपलं.' सोन्यासारखी ओळ! आणि नुसत्या ओळीचं काय, मी अ‍ॅम्पचा स्पीकर शिवून आणला तर याने पुन्हा ब्लेडने चिरला. म्हणे त्या काळी आवाज फाटका यायचा. चार माइक आहेत, पण नाही. एकच लटकवायचा, तोही माझ्या इंजिन उचलायच्या साखळीला.

छोटी : असा हा आपला काटेकोर माणूस. दिवसभर प्रेसमध्ये बसून लोकांचे काने-मात्रे पकडतो. आता मघाचं गाणं. वाच.

पंडित : तुला माहीत आहे ते.

छोटी : तू वाच. तुझ्या आवाजात.

पंडित : 'वाचलंस ना? वाचलंस ना? दोन निळ्या खुणा! राणीसाहेब गप्प बसल्या, हाच माझा गुन्हा!'

छोटी : या निळ्या खुणा त्या काळी कुठे होत्या?

पंडित : शाईच्या असू शकतात. पत्र वाचून झालं की कोपऱ्यात कुणी खूण करतं.

छोटी : प्रेमपत्रावर? बिल तपासल्यासारखी?

दादा : थांबा, थांबा. निळ्या खुणा म्हणजे आपल्या फोनवर येतात त्याच ना? समोरच्याने मेसेज वाचला की?

छोटी : त्याच. गाण्यात चार्जिंगसुद्धा चालत नाही याला, आणि फोनची निळी खूण खुशाल शीर्षकात! अख्ख्या कागदावर एवढी एकच चूक, पंडित, आणि ती तुला दिसली नाही. प्रुफं तपासतोस ना तू?

पंडित : दिसली होती.

छोटी : काय?

पंडित : चूक दिसली होती. दोनदा खोडली. पर्यायी ओळी अकरा लिहिल्या. एकही खरी वाटेना.

दादा : मला कुणी सांगेल का, मेसेज कसला?

छोटी : याने मला पाठवला होता. महिना होत आला.

पंडित : सव्वीस दिवस.

छोटी : बघ. मोजतोय.

दादा : लिहिलं काय होतं त्यात? दाखव बघू.

छोटी : नाही दाखवणार.

दादा : अगं, मी भाऊ आहे तुझा.

छोटी : म्हणूनच. तू चेष्टा करशील. सुरुवातीला मला तो रजेचा अर्ज वाटला. मला 'आपण' म्हणतोय! दोन वर्षं 'ए, माइक जवळ घे' म्हणणारा माणूस. पण मग पुढे... पुढे चांगलं होतं ते. एक सरळ माणूस दिसत होता त्यात. खाली स्वतःचं नाव होतं.

पंडित : आता ते कशाला?

छोटी : कशाला? तोच माणूस त्यानंतर पाच गाणी लिहितो आणि एकाही खाली उभा राहत नाही, म्हणून! विचारलं की शैली. घाट. स्थायीभाव. त्या काळच्या पोरांच्या मागे जाऊन लपतोस. ती पोरं अडाणी असतील, उर्मट असतील, पण ज्या मुलीला बोलायचं तिला तोंडावर बोलत असतील. तिच्याच हातात माइक देऊन वर म्हणत नसतील, अजून थोडा तिरस्कार आण आवाजात!

दादा : असं म्हणाला होता हा?

छोटी : गेल्या रविवारी. 'शेवटच्या ओळीत तिरस्कार कमी पडतोय.'

पंडित : पडत होता.

दादा : पंडित, लेका, थोडं दमाने घे.

पंडित : नाही दादा, बोलू दे मला. एकदाच बोलतो. सव्वीस दिवसांत आपण दहा वेळा इथे जमलो. दहाही वेळा ती माझ्यापासून चार हातांवर उभी होती. तिने मला सांगितलं, आवाज वाढव. सांगितलं, सूर उतरलाय, तार घट्ट कर. एकदा सांगितलं, सरक, मला पंखा लागत नाही. यापलीकडे काही नाही. मी काही मागितलं नव्हतं. एक शब्द पुरला असता. कोणताही. मला वाटायचं, त्या मजकुरात इतकं हास्यास्पद काय होतं की त्याला नकारही देता येऊ नये? नकार द्यायलासुद्धा माणसाची काही किंमत धरावी लागते. ती तू धरली नाहीस. मग मी लिहू लागलो. आणि खरं सांगतो, इतकं सहज मला आयुष्यात कधी लिहिता आलं नव्हतं.

छोटी : झालं बोलून?

पंडित : झालं.

छोटी : बघ, आता बुटांकडे बघत नव्हतास.

दादा : छोटे, तूही सांग ना. का नाही दिलंस उत्तर?

छोटी : कारण उत्तर 'नाही' होतं.

दादा : मग म्हणायचं नाही!

छोटी : म्हटलं असतं तर हा दुसऱ्या दिवशी गिटार पिशवीत घालून निघून गेला असता. अगदी सभ्यपणे. 'काही कौटुंबिक कारणास्तव' अशी चिठ्ठी ठेवून. मग तू भिंतींना ड्रम ऐकवत बसला असतास आणि मी... दिवसभर लोकांना क्लच सोडा, क्लच सोडा म्हणते मी. आठवड्यातून तीन दिवस इथे येऊन ओरडते, तेवढंच माझं आहे. ते जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून गप्प बसले. लबाडी होती ती. कबूल आहे.

पंडित : म्हणजे मी बँडमध्ये राहावं म्हणून.

छोटी : हो. तुझी गिटार हवी होती, तू नको होतास. ऐकायला वाईट वाटतंय ना? मलाही बोलायला वाटतंय. पण तुला एक शब्द हवा होता.

पंडित : हो. हवा होता.

दादा : मी बाहेर जाऊन गिअरबॉक्स बघू का?

छोटी : बस खाली.

पंडित : तो कागद दे इकडे.

छोटी : कशाला?

पंडित : फाडतो. पाचही फाडतो. दादा, मशीन आताच परत देऊन टाक. दुसरं काहीतरी लिहीन, सावकाश. कुणावर नसलेलं.

छोटी : हात लावू नकोस. तुला कळत कसं नाही रे? त्याचाच तर संताप आलाय मला. गाणी चांगली आहेत! याआधी तू लिहायचास, 'संध्येच्या उंबऱ्यावर विझते कुणी', आणि मी ते गाताना दादा जांभया द्यायचा.

दादा : एकदाच दिली होती.

छोटी : आणि आता हे. सोपं, ओबडधोबड, अंगावर येणारं. मघाशी पहिल्या ओळीला माझ्याच अंगावर काटा आला, मग लक्षात आलं की आपल्यालाच झोडपलं जातंय. फाडायचं काय? उलट हे अर्धवट आहे.

पंडित : अर्धवट नाही. दोन मिनिटांचं आहे, घाटाला धरून.

छोटी : घाट गेला खड्ड्यात. पहिलं कडवं तेच दुसऱ्यांदा गायला लावतोस तू मला. विचारतो एक जण, पुन्हा विचारतो, आणि गाणं संपतं. जिला विचारलं ती बाई मेलीय का? पेन दे.

पंडित : लाल आहे.

छोटी : चालेल. दादा, हळू ठोका धर. मांडीवर धर, ड्रमवर नको.

दादा : लिहितेस कशावर?

छोटी : शिकाऊ परवान्याच्या अर्जामागे. हं... 'वाचलं मी, वाचलं मी...' पुढे अक्षरं किती लागतील?

पंडित : सहा-सात.

छोटी : 'वाचलं मी, वाचलं मी, उभ्या उभ्या, सगळं!' बसतंय?

दादा : बसतंय.

छोटी : 'नाही होतं, नाही आहे...' पंडित, तिसरी ओळ ही. चौथीला तुझी मदत नकोय, पण यमक सांग.

पंडित : सगळं. ओगळं. वेगळं.

छोटी : ओगळं काय असतं?

पंडित : काही नसतं. घाईत म्हणालो.

छोटी : 'नाही होतं, नाही आहे, उद्याही नाही वेगळं!' झालं. घे, तपास.

दादा : छोटे, जरा जास्तच होतंय हं. माणूस समोर बसलाय.

छोटी : समोर बसलाय म्हणूनच. त्याच्या पाठीमागे नाही म्हणत मी. पंडित, बघ आणि सांग. वाईट असेल तर वाईट म्हण.

पंडित : 'उद्याही'वर ठोका जरा उशिरा पडेल. दादा, तिथे घाई करू नकोस. बाकी... चांगलं आहे. माझ्यापेक्षा कमी शब्दांत आहे.

छोटी : आणि तू वाजवणारेस. पळून जायचं नाही.

पंडित : कुठे जाणार? गिटारची वायर तुझ्या पायाखाली आहे.

दादा : साडेचार झालेत. घ्यायचं तर घ्या. मी एक-दोन-तीन-चार म्हणतो. आणि कृपा करून मध्ये कुणी खरं बोलू नका.

(टेप फिरू लागते. दोन मिनिटं वीस सेकंदांनी ती थांबते.)

दादा : हं. पहिलं कडवं एक नंबर. छोटे, दुसऱ्यात तर तू साखळी हलवलीस वरची.

छोटी : पाणी दे.

दादा : पण दुसऱ्या कडव्यात गिटार कुठे गेली होती?

पंडित : थांबली होती.

दादा : ते कळलं. तार तुटली की काय?

पंडित : नाही.

दादा : मग पुन्हा घेऊ. टेप आहे अजून, वेळही आहे. मधे नुसता मी आणि ही. एवढा मोठा खड्डा पडलाय.

छोटी : घ्यायचं का रे पुन्हा? मी गाईन.

पंडित : तुझे शब्द नीट ऐकू येतात ना तिथे?

दादा : स्पष्ट. एकेक अक्षर.

पंडित : मग राहू दे तसंच. तिथे मी ऐकत होतो.